गीत कोण उचलणार

आमच्या चर्चमध्ये पेटी होती, पण तिचा भाता उंदरांनी कुरतडलेला. नाताळ जवळ आला की ती दुरुस्त करायची चर्चा निघायची आणि नाताळ उलटला की चर्चाही विरून जायची. खरं सांगायचं तर कोणाला तिची गरजच वाटत नव्हती, कारण गीत उचलायला माझी आई होती. आमच्याकडे गीत सुरू करत नाहीत, उचलतात. पाळकसाहेब समोरून गीताचा नंबर सांगायचे, लोक पुस्तकांची पानं चाळत उभे राहायचे, आणि मग साहेब चष्म्याच्या वरून बायकांच्या बाजूच्या तिसऱ्या बाकाकडे बघायचे. आई पदर सावरायची, खोल श्वास घ्यायची, तिचे खांदे जरासे वर जायचे. पहिले दोन शब्द ती एकटी गायची आणि तिसऱ्या शब्दाला अख्खं चर्च तिच्या सुरात येऊन मिळायचं. ही पद्धत कोणी घालून दिली होती ते ठाऊक नाही. माझ्या जन्माच्या आधीपासून ती चालत आली होती, आणि पाऊस असो, थंडी असो, आई अंगात ताप घेऊन आलेली असो, दर रविवारी तसंच व्हायचं. तिचं नाव एस्तेर. चर्चच्या कंपाउंडमध्ये सगळे तिला एस्तेरबाई म्हणायचे. ती तिथल्याच बालवाडीत शिकवायची, त्यामुळे चर्चमधल्या निम्म्या तरुण मंडळींना पहिलं गाणं तिनेच शिकवलेलं होतं.

आम्ही राहायचो ते चर्चच्या मागे, दोन कौलारू खोल्यांत. पुढे पडवी, मागे मोरी, आणि मोरीला लागून तारेचं कुंपण. कुंपणापलीकडे भागाबाईंचा मळा होता. भागाबाई आणि त्यांचे मालक शेवंती, झेंडू आणि भाजीपाला करायचे आणि माल गंगेवरच्या, म्हणजे नाशकात गोदेकाठी भरणाऱ्या बाजारात न्यायचे. त्यांचे देव वेगळे, आमचा वेगळा, पण चर्चमधली फुलं शनिवारी संध्याकाळी त्यांच्याच कुंपणावरून यायची आणि आमच्या नाताळच्या करंज्या त्याच कुंपणावरून पलीकडे जायच्या. शनिवारी आमच्या घरात सुकटीचा वास भरलेला असायचा. रविवारी उपासनेहून परत आलं की मटणाचा रस्सा आणि बाजरीची भाकरी. आई भांडी घासताना गायची, कपडे वाळत घालताना गायची, आणि पप्पांशी वाजलं की मुद्दाम मोठ्याने स्तुतीची गीतं गायची, म्हणजे मग त्यांना काही बोलता येऊ नये. पप्पा एका कारखान्यात फिटर होते. हात सोन्याचे, पण गळा असा की ते गायला लागले की मळ्यातल्या साळुंक्या उडायच्या. आई त्यांना म्हणायची, "अहो, तुम्ही मनातल्या मनात गा. देवाला तेही पोचतं. आम्हाला नाही पोचलं तरी चालेल."

संध्याकाळी दिवे लागले की चटई अंथरली जायची. पप्पा शास्त्रपाठ वाचायचे, आई गीत उचलायची, आणि मग उपकारांची पाळी. आमच्या घराचा नियम असा, की प्रत्येकाने देवाचा एक उपकार मोठ्याने सांगायचा. कालचा आज चालायचा नाही, आणि दुसऱ्याने सांगितलेला आपण सांगायचा नाही. माझी धाकटी बहीण रत्ना बिनधास्त सांगायची, "आज भेंडी नव्हती, उपकार." पप्पा कारखान्यातलं काहीतरी सांगायचे. मी तेव्हा मॅट्रिकच्या आसपासची, मला हे सगळं पोरकट वाटू लागलं होतं, तरी रोज काहीतरी शोधावं लागायचंच. आईचा उपकार हमखास अगदी बारीकसा असायचा. भाकरी फुगली. दोरीवरचे कपडे पाऊस यायच्या आत काढता आले. आता माझं वय झालं, गुडघे धरतात, चर्चमध्ये खुर्ची द्यावी लागते, तेव्हा कळतं की असे बारीक उपकार रोज नवे शोधून काढणं किती कठीण काम आहे.

आईचा आवाज बसला तेव्हा पहिल्यांदा कोणीच मनावर घेतलं नाही. पोरांमागे ओरडून बसला असेल, असं सगळे म्हणाले. ज्येष्ठमध झालं, हळद घातलेलं दूध झालं, भागाबाईंनी अडुळशाचा काढा उकळून कुंपणावरून दिला. "एस्तेरबाई, हा घ्या, कडू हाय पण लय गुणाचा हाय," असं म्हणून त्या समोर उभ्या राहून तो प्यायला लावायच्या. आई तोंड वेडंवाकडं करून प्यायची. रविवारी ती गीत उचलायची, पण वरच्या सुराला आवाज फाटायचा, आणि फाटला की ती मान खाली घालायची. काढ्याने भागेना म्हणून दवाखाना झाला. तिथल्या डॉक्टरांनी मुंबईच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. मुंबईहून एसटीने परत आल्यावर पप्पा पडवीत चपला न काढताच बसून राहिले. आई आल्या आल्या मेथीची जुडी सोडून निवडायला बसली होती.

"आतलं ते काढावं लागणार म्हणतात," पप्पा म्हणाले. "स्वरयंत्र."

आई देठ मोडत होती. "आणि आवाज?"

"आवाज नाही राहायचा."

"आणि नाही काढलं तर?"

पप्पा आता चपला काढायला वाकले. आईने निवडलेली पानं चाळणीत टाकली आणि म्हणाली, "मग काढू द्या. पोरी लहान आहेत."

त्या आठवड्यात पाळकसाहेब घरी प्रार्थनेला आले. शांत, सज्जन माणूस. सलाम करून बसले, चहा घेतला आणि देवाच्या इच्छेविषयी काही बोलू लागले, तोच पप्पा उठून उभे राहिले. साहेबांपुढे आवाज चढवलेला मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकला. "त्याला दुसरं काही सापडलं नाही का, साहेब? हात घ्यायचा होता, पाय घ्यायचा होता. माझा गळा घ्यायचा होता, कोणाचं काही अडलं नसतं. ही त्याच्याचसाठी गात होती ना? मग त्याचंच त्याला नकोसं झालं?" साहेबांनी उसनं उत्तर दिलं नाही, याबद्दल मला आजही त्यांचा आदर वाटतो. आईने पप्पांच्या शर्टाची बाही ओढून त्यांना खाली बसवलं. पण त्या दिवसापासून पप्पा चर्चच्या आत गेले नाहीत. रविवारी ते आम्हाला फाटकापर्यंत सोडायचे आणि बाहेरच्या चिंचेखाली बसून राहायचे.

ऑपरेशनला निघायच्या आदल्या संध्याकाळी आई मोरीपाशी कपडे धूत होती आणि गात होती. येत होतं ते सगळं, एकामागून एक. आवाज चिरका झालेला, मधेच हवा निघून जायची, ती थांबायची आणि पुन्हा सुरू करायची. मी आणि रत्ना दाराच्या उंबऱ्यावर बसलो होतो. पलीकडे भागाबाई फुलं खुडायची सोडून कुंपणाला धरून उभ्या होत्या. त्यांना आमची गीतं शब्दाने कळत नसतील कदाचित, पण त्या हलल्या नाहीत. कपडे कधीच धुऊन झाले होते, आई तेच तेच पिळत होती. पप्पा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून होते. मला वाटलं होतं आई रडेल, पण ती रडली नाही, रडले ते आम्ही.

ती परत आली तेव्हा तिच्या गळ्याला खाली एक भोक होतं, त्यातून ती श्वास घ्यायची, आणि त्यावर पातळ मलमलीचा रुमाल बांधलेला असायचा. ओठ हलायचे, पण त्यातून आवाज काय, कुजबुजही यायची नाही. आम्हाला बोलवायचं तर ती दोन टाळ्या वाजवायची. बालवाडीतली एक पाटी तिने घरी आणली होती, तिच्यावर लिहायची. बालवाडीत मात्र दुसऱ्या बाई आल्या. घर इतकं शांत झालं की नळाचं पाणी हंड्यात पडायचं तेही खूप मोठं वाटायचं. संध्याकाळची चटई चालू राहिली, कारण आई ती स्वतः अंथरायची. गीत नव्हतं. शास्त्रपाठ मी वाचायचे. उपकारांची पाळी आली की आई पाटीवर लिहून दाखवायची. *आज भात गिळता आला.* आणि पप्पांची पाळी आली की पप्पा एकच शब्द बोलायचे, "पुढे." म्हणजे मला काही सांगायचं नाही, पुढच्याला विचारा. रोज तेच. आई एकदा चिडली आणि तिने पाटीवर जोरात लिहिलं, खडू मोडला. *मी अजून गाते. तुम्हाला ऐकू येत नाही इतकंच.* पप्पांनी ते वाचलं, पाटी पुसली आणि उठून बाहेर गेले.

बरीच माणसं मला म्हणतात, तुमच्या आईची साक्ष मंडळीत सांगा, तरुणांना विश्वास मिळेल. मी टाळते. त्यांना शेवटी काहीतरी घडायला हवं असतं. आवाज परत यायला हवा असतो. तसं काही झालं नाही. झालं ते असं.

आई पहिल्यांदा चर्चला जायला निघाली त्याच्या आदल्या संध्याकाळी पाळकसाहेब येऊन सांगून गेले होते, "एस्तेरबाई, तुम्ही नुसत्या या. गीत पुरुषांकडून कोणीतरी उचलेल, मी सांगून ठेवलंय." आईने हात जोडले. सकाळी तिने पांढरी, बारीक निळ्या काठाची साडी नेसली, स्वच्छ रुमाल बांधला. पप्पांनी नेहमीसारखं फाटकापर्यंत सोडलं. आम्ही तिसऱ्या बाकावर बसलो. बायका वळून वळून बघत होत्या, कोणी पाठीवर हात ठेवत होतं, कोणी नुसतंच नाक पुसत होतं. साहेबांनी गीताचा नंबर सांगितला. स्तुतीचं गीत होतं, सगळ्यांना पाठ असलेलं. लोक उभे राहिले. आणि साहेबांनी, इतक्या वर्षांची सवय, चष्म्याच्या वरून तिसऱ्या बाकाकडे बघितलं.

बघितल्याक्षणी त्यांच्या लक्षात आलं असणार, कारण त्यांचा चेहरा पडलेला मी पाहिला. पण तोवर आईनेही सवयीने पदर सावरला होता. तिने श्वास घेतला, खांदे वर गेले, रुमालाखालून घरघर झाली, तोंड उघडलं. काही नाही. आणि ज्याला गीत उचलायला सांगितलं होतं तो गृहस्थ, बाकी सगळी मंडळी, सगळे तिच्याच खांद्यांकडे बघत होते. त्यांनी आयुष्यभर तेच केलं होतं. पहिले दोन शब्द शांततेत गेले. आणि तिसऱ्या शब्दाला अख्खं चर्च एकदम गायला लागलं.

सूर द्यायला कोणी नव्हतंच. ज्याला जो सापडला तो सूर त्याने पकडला. पुरुष खाली कुठेतरी घुमत होते, मागच्या म्हाताऱ्या बायका नको इतक्या वर गेल्या होत्या, पोरं कोणाच्या मागे जावं ते न कळून ओरडत होती. इतकं बेसूर गाणं त्या चर्चने त्याआधी आणि त्यानंतर ऐकलं नसेल. पण थांबलं कोणी नाही. कोणालाही, अगदी साहेबांनाही, हात वर करून पुन्हा सुरू करू या असं म्हणायचं धाडस झालं नाही, कारण तसं म्हणणं म्हणजे आईने गीत उचललंच नाही असं म्हणणं झालं असतं. मी आईकडे बघितलं. तिचे खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी घाबरून तिचा दंड धरला. तेव्हा दिसलं की ती हसत होती. आवाज नसलेलं हसू मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. ती हसत होती आणि ओठांनी शब्द न् शब्द म्हणत होती.

दुसऱ्या कडव्याला पप्पा बाजूच्या दारातून आत धावत आले, चपलांसकट. नंतर म्हणाले, "मला वाटलं हिला काहीतरी झालं, म्हणून सगळे ओरडताहेत." ते सरळ बायकांच्या बाजूला घुसले आणि आईजवळ येऊन उभे राहिले. आमच्या चर्चमध्ये हे कोणी कधी केलं नव्हतं. बायकांनी मुकाट्याने सरकून जागा दिली. पप्पा गायले नाहीत. पुस्तकही हातात घेतलं नाही. शेवटच्या कडव्यापर्यंत उभे राहिले, आणि आमेन झाल्यावर ओशाळून पुरुषांकडे जाऊन बसले. बाहेर पडताना साहेब आईला म्हणाले, "एस्तेरबाई, आज देवाने फार सहन केलं हो." आई पुन्हा हसली.

पण म्हणून पप्पा निवळले असं नाही. त्या संध्याकाळी आईने पाटीवर लिहिलं, *आज सगळे आले आणि सगळे गायले.* पप्पांची पाळी आली. मी आणि रत्ना श्वास रोखून बसलो होतो. पप्पा म्हणाले, "पुढे."

पुढच्या थंडीत दुखणं मानेत परत आलं. यावेळी मुंबईच्या डॉक्टरांनी काही करायला सांगितलं नाही, घरी न्या म्हणाले. नाताळ होऊन गेला होता. नाशिकची थंडी म्हणजे हाडात शिरणारी. पडवीच्या फटी पप्पांनी गोणपाटाने बंद केल्या. आईला पेज चमच्याने द्यावी लागायची, मग तीही जाईना. खडू धरायला बोटांत जोर उरला नव्हता, म्हणून पाटी कोनाड्यात गेली. साहेब घरी येऊन प्रभूभोजन देऊन गेले, भाकरीचा कण द्राक्षरसात भिजवून नुसता ओठाला लावला. भागाबाई रोज कुंपणावरून विचारायच्या, "आज कसं हाय गं पोरी?" आणि मी काय सांगणार? एके दिवशी त्या कुंपण ओलांडूनच आल्या, शेवंतीचा वाटा आईच्या उशाशी ठेवला, तिच्या पायांवर हात फिरवला. "तुमचा आवाज नाय, तर मला खुडायला हुरूप येत नाय, एस्तेरबाई," असं म्हणून पदर तोंडाला लावून गेल्या.

त्या संध्याकाळी आम्ही चटई आईच्या खाटेजवळ अंथरली. आईचे डोळे मिटलेले होते, श्वास रुमालाखाली खरखरत होता. तिचा हात माझ्या हातात होता. मी शास्त्रपाठ वाचला. रत्नाने उपकार सांगितला, मी सांगितला. पप्पांची पाळी आम्ही आता ओलांडूनच जायचो, कशाला रोज तोच शब्द ऐकायचा. रत्नाने शेवटची प्रार्थना सुरूही केली होती.

"थांब," पप्पा म्हणाले.

त्यांनी घसा खाकरला. मान वर केली नाही. कारखान्यात वरच्या साहेबाशी नाइलाजाने बोलावं तसं ते बोलले. "ही घरात गायची. भांडी घासताना, पोरींना निजवताना. माझ्याशी भांडली की जास्तच. ते मला ऐकायला मिळालं. दुसऱ्या कोणाला इतकं मिळालं नाही. त्याबद्दल उपकार." आम्हाला वाटलं संपलं. "बाकीचं तुझं-माझं नंतर बघू," असं देवाला सांगून त्यांनी आमेन म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दूधवाला यायच्या आत, आई गेली. तिला मातीत ठेवून आम्ही परत आलो तेव्हा आमच्या घरी चूल पेटलेली नव्हती. भागाबाईंनी पिठलं आणि भाकरी कुंपणावरून दिली होती. माणसं निघून गेली, रत्ना रडून रडून झोपी गेली. पप्पा पडवीत बसले होते. मी ताट नेऊन पुढे ठेवलं, त्यांनी ते बाजूला सारलं.

"सुमे," ते म्हणाले, "काल मी बोललो ना, ते तिने ऐकलं ना गं?"

आईचा हात त्या वेळी माझ्या हातात होता. तो हलला नव्हता. बोट हललं नव्हतं, पापणी हलली नव्हती. ती ऐकत होती की केव्हाच आमच्यातून निघून गेली होती, हे सांगायला माझ्यापाशी काहीही नव्हतं. पण आम्ही रोज संध्याकाळी ज्याच्याशी बोलत आलो होतो त्याच्याकडून तरी आम्हाला कधी साधा हुंकार आला होता? त्या घरात उत्तराची वाट बघून कोणी बोलायला शिकलंच नव्हतं.

"ऐकलं, पप्पा," मी म्हणाले.

पप्पांनी मान हलवली. मग त्यांनी ताट ओढून घेतलं आणि भाकरी मोडली. आज मी त्यांच्या त्या वेळच्या वयापेक्षा कितीतरी मोठी आहे, आणि मला अजूनही ठाऊक नाही. पण आज कोणी विचारलं, तरी मी तेच सांगेन.